गंजगोलाईच्या अडीच चकरा

मन्मथ, तुला बसवून नेलं.

तुम्हा लिंगायतांत तशीच रीत आहे, हे मला काही नवं नाही. तुझ्या वडिलांनाही, अप्पांनाही, असंच बसवून नेलं होतं आणि तेव्हा त्यांच्या विमानाला पुढून खांदा तू दिला होतास. तरी तुला तसा बघायची माझी तयारी नव्हती. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, मांडी घातलेली, बेलाच्या पानांत अर्धा बुडालेला तू. मान जरा डावीकडे कललेली. दुकानाच्या गादीवर दुपारची डुलकी लागली की तुझी मान अशीच कलायची. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "मालक गादीवर बसल्यावानीच दिसून राहिलेत." लोकांना ते बरं वाटलं. मला वाटलं, आत्ता ही जमीन मला गिळेल तर बरं. मेल्यावर तुला बसवलं ते रीतीनं. जन्मभर त्या गादीवर बसवलं ते मी.

हे तुझ्या कानात सांगायचं होतं. एवढ्यासाठीच नांदेडहून पहिली मिळेल ती एसटी धरून आलो होतो. खड्ड्याशी रांग होती, जंगम मंत्र म्हणत होते, एकेक जण मूठभर माती टाकून पुढं सरकत होता. माझी पाळी आली तेव्हा मी वाकलो. तोंडही उघडलं. तेवढ्यात मागून कुणी तरी म्हणालं, "सर, सरका म्होरं, लई लोकं हायत." मी माती टाकली आणि सरकलो.

म्हणून आता लिहितो आहे. तू वाचणार नाहीस हे कळण्याइतकी अक्कल मला आहे. पण दुसरं काय करू, तू सांग.

आपण दोघं एका वर्गात होतो, तेव्हा मी वसतिगृहात राहायचो आणि तू लातूरच्या गंजगोलाईत, त्या गोल बाजारातल्या तुमच्या भुसारच्या दुकानामागं. रविवारी तू मला घरी जेवायला न्यायचास. माझं ताट बाहेरच्या ओट्यावर यायचं. आमच्या लोकांचं ताट तेव्हा कुठं यायचं हे दोघांनाही माहीत होतं, त्यावर आपण कधी बोललो नाही. पण माझं ताट आलं की तू तुझं ताट उचलून ओट्यावर यायचास. आई आतून ओरडायची, "मन्मथ, आत ये की रे, आत जेव." तू म्हणायचास, "हितं वारं लागतंय गं." वारं कसलं, उन्हाळ्यात त्या ओट्यावर भाकरी भाजली असती. सात वर्षं तुला तिथं वारं लागत होतं.

मॅट्रिकनंतर तुला दुकानावर घेतलं. मी टर्नर झालो आणि नांदेडला आयटीआयत शिकवायला लागलो. आमच्या घरातला पहिला सरकारी पगार. त्यानंतर पहिल्यांदा लातूरला आलो तेव्हा अप्पा गादीवरून जरा सरकले आणि म्हणाले, "या सर, वर बसा." मन्मथ, त्या पांढऱ्या गादीवर मी कडेला, अर्धाच बसलो. तू समोर उभा राहून गालातल्या गालात हसत होतास. त्या दिवसापासून तूही मला सर म्हणायला लागलास. सर म्हणायचास आणि एकेरीतच बोलायचास. "सर, तू गप." "सर, तुला काय कळतंय." फक्त यंत्रांच्या बाबतीत तू असं कधी म्हणाला नाहीस. तिथं माझा शब्द तुला प्रमाण होता. आणि मी टर्नर होतो रे! मला लोखंड कातायचा लेथ कळायचा. इंजिनातलं मला काय कळायचं? पण हे तुला सांगायचं कोणी?

जिल्हा नवा झाला होता तेव्हा. गोलाईतले सगळे पेंटर दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' लिहिण्यात गुंतलेले. जिल्हा आला, पण पाऊस आला नाही. दुष्काळानं गोलाईत मालच येईना. हमाल सावलीत पत्ते कुटत बसायचे, अप्पा रिकाम्या तराजूवरची धूळ झाडायचे. त्या रिकाम्या दिवसांत तुझ्या डोक्यात गाडी शिरली. चार चाकांची, दोन माणसं बसतील अशी, स्वतःच्या हातानं केलेली. अँगलचा सांगाडा तू वेल्डिंगवाल्याकडं बसून जोडून घेतलास, मोपेडची चाकं आणलीस, पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा मिळवलास. समोरच्या पत्र्यावर पेंटरकडून लिहूनही घेतलंस, 'जि. लातूर – १'. इंजिन तेवढं नव्हतं.

"पाण्यानं थंड व्हणारं नको," तू म्हणालास. "आईला प्यायला पाणी मिळंना, इंजिनाला कुठून पाजू? हवेवर थंड व्हणारं बघ, सर."

म्हणून तू नांदेडला आलास आणि आपण भंगार गल्लीत गेलो. विहिरी आटल्यामुळे त्या वर्षी तिथं पाण्याच्या इंजिनांचे ढीग लागले होते. बहुतेक सगळी धुडं, दोन माणसांना न हलणारी. शेवटच्या दुकानात एका ढिगामागून तूच ते ओढून काढलंस. छोटंसं, मांडीवर मावेल एवढं, अंगावर हवेसाठी पत्र्यासारख्या कडा, वर टाकी, बाजूला दोरी गुंडाळायची चाकी. त्यावर पितळी पट्टी होती आणि पट्टीवर इंग्रजीत लिहिलं होतं, फोर स्ट्रोक. तू पट्टीवरून अंगठा फिरवलास आणि म्हणालास, "सर, पट्टीला भोकं चार हायत, रिबिटा दोनच मारल्यात."

तू बघितलं होतंस. मी बघितलं नाही.

तो भंगारवाला चाचा, पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं साफ सांगितलं होतं. "साब, पट्टी पे मत जाओ. पट्टी तो कोई भी ठोक देता. खोल के देखो, हमारे सामने देखो, फिर ले जाओ." असं सांगणारा दुकानदार कुठं मिळतो? पाना त्यानं स्वतः पुढं केला होता. तो पाना माझ्या हातात आला असता आणि मी झाकण काढलं असतं, तर आत बघून मला काय कळणार होतं? काहीच नाही. आणि ते तुझ्यासमोर उघड झालं असतं. म्हणून मी म्हणालो, "चाचा, मी आयटीआयला शिकवतो." पाना त्यानं परत खोक्यात टाकला. त्या पान्याचा आवाज मला आजही ऐकू येतो.

इंजिनांच्या दोन जाती असतात, हे आता मला झोपेतही सांगता येईल. एकीच्या पोटात ऑईल वेगळं भरून ठेवायचं असतं. दुसरीला पोटात ऑईल नसतंच, ते पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं. नाही मिसळलं तर ती कोरडी फिरते, तापते आणि पिस्टन आत चिकटून बसतो. पहिली फोर स्ट्रोक, तिला व्हॉल्व्ह म्हणजे झडपा असतात; दुसरी टू स्ट्रोक, तिला त्या नसतात. एवढंच. इंजिन कोणत्या जातीचं आहे हे विकत घेणाऱ्यानं सगळ्यात आधी ओळखायचं असतं, आणि ते पट्टी वाचून नाही, उघडून ओळखायचं असतं. आपण आणलेलं दुसऱ्या जातीचं होतं. त्याच्यावर पट्टी पहिल्या जातीची होती. माझ्यावर जशी सरची होती.

एसटीत तू ते पायांत घेऊन बसलास. लोह्याच्या पुढं दोन्ही बाजूंना नुसती भेगाळलेली काळी रानं. तू बाहेर बघतच नव्हतास. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, ह्ये पोतं टपावर टाका." तू म्हणालास, "न्हाई मालक, लेकरू हाय ह्ये." सगळी गाडी हसली. अहमदपूरला उतरून तू माझ्यासाठी पेरू आणलेस आणि तुझी नवी पँट काळी झाली होती ती दाखवून वर हसलास. एवढा आनंदी मी तुला नंतर तुझ्या लग्नातही बघितला नाही.

मागच्या अंगणात आपण ते रॉकेलनं धुतलं. तारेच्या ब्रशानं घासलं, तर हिरव्या रंगाखाली लाल निघाला आणि लालखाली चंदेरी. बुडाशी एक अक्षर आणि चार आकडे निघाले. त्यावरून आपलं भांडण लागलं. मी म्हणालो जर्मन, तू म्हणालास जपानी. ते भांडण आपण म्हातारे होईपर्यंत पुरवून पुरवून खाल्लं. पण खरा प्रश्न तू त्याच दिवशी विचारला होतास.

"सर, ह्याला व्हॉल्व्ह कुठं हायत?"

"आत असतात. साईड व्हॉल्व्ह. बाहेरून दिसत नाहीत."

"उघडून बघू का?"

"उघडलं की पॅकिंग फाटतं. मग नवं कुठून आणशील?"

तू मान हलवलीस. तुझ्या डोळ्यांत शंका होती आणि तुझ्या मनानं ती माझ्या पायाशी ठेवून दिली. मी तुला बुडाच्या जरा वरचा बोल्ट दाखवला आणि म्हणालो, इथून ऑईल भर. तू भरलंस. मग काय, प्लग ओला. काढ, पूस, लाव, दोरी ओढ, पुन्हा ओला. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी ते धडधडलं आणि असा पांढरा धूर सुटला की टँकरच्या रांगेतल्या बाया घागरी टाकून बघायला आल्या. तुझी आई आग लागली म्हणून बादली घेऊन धावली आणि अर्ध्या वाटेत थांबली. पाणी इंजिनावर घालवायचं की नाही हे तिला ठरवता येईना. तू धुरात नाचत होतास. मी म्हणालो, जुना मळ जळतोय. मळ कसला! पोटात नको होतं ते ऑईल जळत होतं, आणि तेच जळत होतं म्हणून इंजिन जिवंत होतं.

मग अप्पांनी शब्द टाकला. त्यांचा स्वभाव तुला माहीत. ते रागावत नसत, सौदा करत. स्टेशनच्या वाटेवर त्यांचं एक मोकळं शेड होतं. "गोलाईला पाच चकरा मार. मधी थांबायचं न्हाई. मारल्या, तर शेड तुझं, घाल तुझा कारखाना. न्हाई जमलं तर हे खूळ सोड आन गादीवर येऊन बस. पुन्ना इंजिनाचं नाव काढायचं न्हाई." तू लगेच हो म्हणालास. अप्पा माझ्याकडं वळले. दुकानात दहा-बारा माणसं होती, हमाल होते, शेजारचे अडते होते. अप्पांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, तुम्ही सांगा. चालंल का ह्ये?"

मला विचारलं, मन्मथ. ज्याचं ताट ओट्यावर यायचं त्याला, त्या गादीवर बसवून, बाजारासमोर विचारलं. त्या क्षणी मला 'माहीत नाही' म्हणता आलं नाही. माझ्या बापाला आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं, आणि मी म्हणू माहीत नाही? मी म्हणालो, "चालणार. माझी खात्री."

चकरांच्या दिवशी सकाळी निघायच्या आधी मी काय केलं ते तुला आणि मलाच माहीत. धूर फार होतो, अप्पांना आवडणार नाही, ऑईल जास्त झालं असणार, असं म्हणत मी बुडाचा बोल्ट ढिला केला आणि जवळजवळ सगळं ऑईल डब्यात काढून टाकलं. तू म्हणालास, "सर, एवढं काढायचं व्हय?" मी म्हणालो, "मला शिकवू नको."

पहिली चक्कर काय सुंदर झाली! धूर नाही, आवाज मोकळा. तू हँडल धरून ताठ बसलेला, मी शेजारी. पोरं मागं पळत होती, पेंटर शिडीवरून ब्रश हलवत होता. दुसऱ्या चकरेला हमालांनी शिट्ट्या मारल्या. अप्पा दुकानाच्या पायरीवर उभे होते आणि, तू बघितलंस की नाही ठाऊक नाही, ते हसत होते. तिसऱ्या चकरेत अर्ध्यावर, देवीच्या देवळासमोर, इंजिनाचा आवाज बारीक झाला, कण्हल्यासारखा. मग एक झटका बसला आणि सगळं थांबलं. तू उतरून दोरी ओढलीस. चाकी हललीच नाही. तू पुन्हा ओढलीस, दोन्ही हातांनी, पाय टेकवून. तळहात सोलून निघाले तरी ओढत होतास.

लोक जमले. अप्पा चालत आले. "काय झालं?"

तू माझ्याकडं बघितलंस. फार वेळ नाही, डोळ्याची पापणी लवेल एवढंच. आणि म्हणालास, "माझी चूक हाय, अप्पा. मी ऑईल घालायला इसरलो."

ऑईलचा डबा अजून अंगणात होता. भरलेला. मी खरं सांगू शकत होतो. जीभ तोंडात होती, मेलेली नव्हती. मी इंजिनाकडं बघत उभा राहिलो, जसा काही तपासतोय. अप्पा वळले, दुकानात गेले आणि गादीवर हातानं थोपटलं, दोनदा. तू गाडी तिथंच सोडून गेलास आणि बसलास.

तू शब्द पाळलास. त्या दिवसापासून मरेपर्यंत तू त्या गादीवर बसलास. शेडमध्ये अप्पांनी पेंडीची पोती टाकली.

आठवड्यानं मी आमच्या आयटीआयतल्या इंजिनवाल्या मास्तरांना सहज विचारतोय असं दाखवून सगळं सांगितलं. दुसऱ्याच कुणाचं तरी म्हणून सांगितलं. ते हसले. "अहो, व्हॉल्व्ह नाहीत, प्लग ओला होतोय, पांढरा धूर? ते टू स्ट्रोक. कोणत्या गाढवानं त्याला फोर स्ट्रोक ठरवलं?" मीही हसलो. घरी येऊन तुला पोस्टकार्ड लिहायला घेतलं. मग वाटलं, पोस्टकार्ड उघडं असतं, पोस्टमन वाचेल, अप्पा वाचतील. आंतरदेशीय पत्र आणलं. ते जुन्या कॅलेंडरसारखं खुंटीला लटकून पिवळं पडलं. मग ठरवलं, समक्ष सांगू. समक्ष मी तुला किती वेळा भेटलो, मोजू नको. तुझं लग्न, माझं लग्न, मुलांची बारशी, भूकंपानंतरचे ते दिवस, तेव्हा तू मला मिठी मारून रडलास. अप्पा गेले तेव्हा. प्रत्येक वेळी मी घरून निघताना ठरवून निघायचो. अहमदपूर आलं की छातीत धडधडायचं. आणि गादीवर बसल्यावर तू चहा सांगायचास आणि म्हणायचास, "काय सर, कोणत्या कंपनीचं व्हतं ते इंजिन?" मी म्हणायचो जर्मन. तू म्हणायचास जपानी. तासभर हसत भांडायचो. तू एवढा हसायचास की मला वाटायचं, हा विसरला. याला काही कळलंच नाही. आपली गाठ सुटली. देवा, किती हलकं वाटायचं मला परतीच्या गाडीत! त्या हलकेपणाची आता मला शिसारी येते.

काल पंधरा दिवस झाले तुला जाऊन. तुझ्या बायकोचा, महानंदावहिनींचा फोन आला. शेडमधलं गोदाम भाड्यानं द्यायचं आहे, सामान काढून राहिलो, तुम्ही एकदा या, सर, म्हणाल्या.

आज आलो. पेंडीच्या पोत्यांमागं कोपऱ्यात, गाडीतून काढलेलं ते इंजिन होतं. वहिनींनी वरचं पोतं ओढलं. मी दोरी हातात घेतली. त्या दिवसापासून जाम झालेलं इंजिन, ते हलणार नाही हे मला माहीत होतं. नुसता हात लावायचा होता. ओढली आणि मी मागं कोलमडलो. चाकी मऊ फिरली. आत पिस्टननं श्वास घेतल्यासारखा आवाज केला.

मग चष्मा पुसून नीट बघितलं. पितळी पट्टी नव्हती, रिबिटांची दोन भोकं रिकामी होती. आणि टाकीवर लाल ऑईलपेंटनं, तुझ्या त्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'टू स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळणे.'

रंग किती जुना होता, मन्मथ! टाकीच्या गंजात मिसळून गेला होता. तू ते कधी उघडलंस? त्याच साली? अप्पांना दिलेला शब्द मोडून, चोरून, एकट्यानं? पाना कुणाचा आणलास? आत बघितल्यावर पहिल्यांदा तुझ्या मनात काय आलं? मला शिवी तरी घातलीस का? घातली असशील तर मला जरा बरं वाटेल.

"दर खंडेनवमीला चालवायचे," वहिनी म्हणाल्या. "हार घालून, नारळ फोडून. पाच मिनटं. अप्पा व्हते तवा ते देवळात गेले की. दार लावून घ्यायचे."

खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळा बाजार आपापल्या तराजूची, हत्यारांची पूजा करतो. आणि मी? मी दरवर्षी त्या दिवशी नागपूरच्या गाडीत असायचो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर मी कधी चुकलो नाही हे तुला माहीत होतं. वर्षातला तो एकच दिवस असा होता की मी लातूरला येणं शक्यच नव्हतं. तो तू निवडलास.

"आन तुम्ही येनार असं कळलं की त्येच्यावर पोतं टाकायचे," वहिनी सांगत होत्या. "म्हनायचे, सरला दिसू दिऊ नको. लई वाईट वाटंल त्येला."

मी पोत्यावरच बसलो. वहिनींना वाटलं चक्कर आली. त्यांनी पाणी आणलं. मग त्यांनी सहजच, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "उद्या भंगारवाला येनार हाय, सर. त्यो इचारंल. कोणत्या कंपनीचं इंजिन हाय ह्ये?"

जर्मन, हा शब्द तोंडात तयार होता. इतकी वर्षं घासून गुळगुळीत झालेला.

"वहिनी," मी म्हणालो, "मला माहीत नाही."

आणि मग थांबताच येईना. मला तेव्हाही माहीत नव्हतं, म्हणालो. पट्टी वाचली आणि खोटं बोललो. चाचानं पाना दिला तो घेतला नाही. ऑईल मी काढलं. मन्मथ काहीच विसरला नव्हता. तुमच्या माणसाचा कारखाना मी बुडवला, आणि त्यानं तो आळ स्वतःवर घेतला, आणि मी शेजारी उभा राहून बघितलं. सगळं बोललो. पाण्याचा पेला न पिताच खाली ठेवला.

वहिनी इंजिनाशेजारी खाली बसल्या होत्या. त्या चकित झाल्या नाहीत. पदरानं टाकीवरची धूळ पुसत राहिल्या, तुझ्या अक्षरांवरची.

"ह्ये त्यायला सांगायचं व्हतं, सर," त्या म्हणाल्या. "तुमाला गाडीत बसवून घरी आले की दर टायमाला एकच म्हनायचे. 'महानंदा, आज बी न्हाई बोलला किशन.' राग न्हवता. नुसती वाट बघून राहिले व्हते."

सर नाही म्हणायचास. किशन म्हणायचास.

इंजिन मी नांदेडला नेतो आहे. भंगारवाल्याला देऊ नका, असं वहिनींना हात जोडून सांगितलं. एसटीत ते पायांत आहे, टाकीवरची अक्षरं वर करून. कंडक्टर टपावर टाका म्हणाला, मी नाही म्हणालो. आता अहमदपूर येईल. इथंच माझ्या छातीत धडधडायचं. आज काही होत नाही.

किशन बोलला रे, मन्मथ. बोलला तेव्हा तू नव्हतास.